मरीन मुलाची १४० पत्रं आणि त्याच्या आईची सहा न उघडलेली पाकिटं: काय करावं?

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोप लागेपर्यंत तोच डोक्यात होता. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आयोवातलं जुनं घर रिकामं करून सासूबाईंना असिस्टेड लिव्हिंगला हलवताना अ‍ॅटिकमध्ये बुटांचा एक खोका सापडला. त्यात सासूबाईंच्या काकांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांच्या धाकट्या भावाने, मरीन कोअरमधून (समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणारं अमेरिकेचं सैन्यदल) आपल्या आईला लिहिलेली साधारण १४० पत्रं आहेत, १९४३ च्या सुरुवातीपासून जून १९४४ पर्यंतची. मुलगा १९ वर्षांचा, पॅसिफिकमधल्या सायपान बेटावरच्या लढाईत मारला गेला. त्यासोबत आईने त्याला लिहिलेली सहा पाकिटं, 'डिसीज्ड' असा शिक्का आणि कुणा ऑफिसरची सही होऊन परत आलेली, आजपर्यंत बंद. तुम्ही विचारलंय की पत्रं लॅमिनेट करू का, स्कॅन कसं करू, एक स्टँपवाला पाकिटांचे पैसे देतोय त्याला देऊ का, नवरा म्हणतो पत्रांत लढाईचा शब्दच नाही म्हणजे काका मागेच कुठेतरी असणार, आणि सगळ्यात शेवटी एका ओळीत, जणू सहजच, की ती सहा पाकिटं उघडावीत का.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली, गेली २२ वर्षं इथे अमेरिकेत एका युनिव्हर्सिटी लायब्ररीच्या हस्तलिखित विभागात आहे आणि सैनिकांची घरची पत्रं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, इटलीच्या आघाडीवर. त्यांची पत्रं आजीने एका फडक्यात बांधून कणगीमागच्या कोनाड्यात ठेवली होती, मी दहावीत असताना ते गाठोडं काढलं तर वाळवीने आतून भुगा केलेला, फडकं मात्र शाबूत. म्हणून हा विषय माझ्यासाठी नुसती नोकरी नाहीये आणि उत्तर लांब होणार आहे, सांभाळून घ्या.

तुमच्या पाच प्रश्नांच्या मुळाशी मला एकच अडचण दिसते. तुमच्याकडे एका संभाषणाची एक बाजू आहे. मुलगा आईशी दीड वर्ष बोलतोय, आईची उत्तरं नाहीत. ती का नाहीत हेही समजून घ्या. पॅसिफिकमधल्या मरीनला कागद जपून ठेवणं जवळपास अशक्य होतं, दमट हवेत कागद कुजायचा, आणि किनाऱ्यावर उतरायच्या आधी खाजगी कागदपत्रं मागे ठेवायला लावायचे, शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून. त्यामुळे आईची शंभरेक पत्रं तिकडे कुठेतरी मातीत गेली असणार. उरली फक्त ही सहा, कारण ती त्याच्यापर्यंत पोचलीच नाहीत. खोक्यातल्या प्रत्येक गोष्टीचा निर्णय हे लक्षात ठेवून घ्या.

पहिलं काम सासूबाई. स्कॅनरचं नंतर बघू. त्या १९३८ च्या म्हणजे काका गेला तेव्हा सहा वर्षांच्या, आणि आजीजवळ, म्हणजे काकाच्या आईजवळ, वाढलेल्या असं तुम्ही लिहिलंय. कागद ८० वर्षं टिकलाय, अजून सहा महिने टिकेल. सासूबाईंची आठवण टिकेल का हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती. मी अशी कितीतरी कलेक्शन बघितलीत जिथे पत्रं उत्तम जपलेली आहेत, पण पत्रातला 'बड' कोण, 'वरचं शेत' कुठलं, आई चिडली होती ती कशावरून, हे सांगणारं माणूस पत्रं आमच्याकडे यायच्या आदल्या वर्षी गेलेलं. फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि बोलू द्या, मध्ये तारखा दुरुस्त करत बसू नका.

आता कागद. लॅमिनेशन अजिबात नको, कोणी कितीही सांगितलं तरी. उष्णता आणि प्लास्टिक एकदा कागदाला चिकटलं की परत निघत नाही, आतला कागद आपल्याच आम्लाने पिवळा पडत राहतो आणि तुम्ही काही करू शकत नाही. सेलोटेप नको, इस्त्री नको. रबरबँड आणि टाचण्या आधी काढा, रबरबँड चिकटला असेल तर ओढू नका, सुकलेला तुकडा आपोआप सुटेल तेवढाच काढा, बाकी राहू दे. हात धुवून कोरडे करून पत्र धरा, ग्लोव्हजची गरज नाही, उलट कापडी ग्लोव्हजने कडा फाटतात. अ‍ॅसिड-फ्री फोल्डर मिळतात, एकेका फोल्डरमध्ये थोडी थोडी पत्रं, घड्या उघडून, पण घडी कडक झाली असेल आणि तडकायला लागली तर तिथेच थांबा. आणि खोका परत अ‍ॅटिकमध्ये किंवा बेसमेंटमध्ये ठेवू नका, तुम्ही झोपता त्या खोलीतलं कपाट सगळ्यात चांगलं, कारण माणसाला जी हवा मानवते ती कागदालाही मानवते. २१ डिग्री सेल्सियसच्या आत आणि आर्द्रता ३५ ते ५० टक्के, एवढं सांभाळलं की झालं.

तुम्ही म्हणालात काही पत्रं 'झेरॉक्ससारखी' आहेत, तळहाताएवढी, चकचकीत, अक्षर मुंगीएवढं, ती टाकून देऊ का. अहो, नका टाकू! ते व्ही-मेल आहे. जून १९४२ पासून सैन्याने ही पद्धत काढली, मोठ्या फॉर्मवर पत्र लिहायचं, त्याचा १६ मिलिमीटर फिल्मवर फोटो काढायचा, फिल्म विमानाने पाठवायची आणि तिकडे छोट्या फोटो-कागदावर छापून पाकिटात घालून द्यायची. दीड लाख एकपानी पत्रांना ३७ पोती लागायची ती एका पोत्यात मावायला लागली, वजन २,५७५ पौंडांवरून ४५ पौंडांवर आलं. फोटो नीट आला याची खात्री झाली की मूळ फॉर्म नष्ट करायचे, म्हणजे तुमच्या हातात आहे तेच एकमेव पत्र. हा फोटोचा कागद आहे, याला मात्र बोटं लावू नका, कडेने धरा, फोटोसाठीच्या वेगळ्या पाकिटात ठेवा.

स्कॅनिंगचं फार टेन्शन घेऊ नका. ४०० डीपीआय, रंगीत, दोन्ही बाजू, पाकिटाच्याही दोन्ही बाजू, जिथे पत्रं तपासणाऱ्या सेन्सॉरने कागदाचा चौकोन कापलाय तिथे मागे काळा कागद ठेवा म्हणजे भोक स्पष्ट दिसेल. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळच्या उजेडात फोनने काढलेले फोटोही चालतील. दोन गोष्टी मात्र नीट करा. एक, पत्र आणि त्याचं पाकीट यांची ताटातूट होऊ देऊ नका, आणि खोक्यात ज्या क्रमाने होती तो क्रम आधी फोनवर फोटो काढून नोंदवा, मगच तारखेप्रमाणे लावा. आईने लावलेला क्रम असू शकतो तो, कोणतं पत्र सगळ्यात वर होतं ते तिचं सांगणं आहे. दोन, फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि इथे आपल्या लोकांची हमखास चूक होते म्हणून सांगते, पत्रावर ३/४/४४ असेल तर ते ४ मार्च, ३ एप्रिल नाही. नुसतं 'मंगळवार रात्र' लिहिलेलं असेल तर पाकिटावरचा शिक्का आणि त्या वर्षीचं कॅलेंडर यावरून लावता येतं.

स्टँपवाल्याबद्दल स्पष्टच बोलते. मुलाच्या पाकिटांवर स्टँपच्या जागी त्याने हाताने 'फ्री' लिहिलं असेल, १९४२ च्या एप्रिलपासून सैनिकांना साधं पत्र फुकट होतं, एअरमेलला सहा सेंट. अशी पाकिटं लाखोंनी आहेत, त्यांना फार किंमत येत नाही. शिक्का मारून परत आलेली पाकिटं मात्र संग्राहकांना हवी असतात. म्हणजे तो माणूस १४० पाकिटांची बोली लावतोय तरी त्याचा डोळा त्या सहांवर आहे. त्याचा तो धंदा आहे, त्याला नावं ठेवत नाही मी, पण तुम्ही विकू नका. पाकिटं गेली की पत्रांच्या तारखा, पत्ते, सेन्सॉरचे शिक्के सगळं जातं, आणि पुढचं जे सांगणार आहे ते काहीच करता येणार नाही.

तर आत्तापर्यंत एवढंच, की आधी सासूबाई, मग क्रम नोंदवणं, मग कागद सुरक्षित करणं आणि स्कॅन, विकायचं काहीही नाही. आता वाचायचं कसं ते, कारण तुमच्या नवऱ्याचा मुद्दा मला खरंच लागला. लढाईचा शब्द नाही म्हणून काका लढला नाही, असं अनेक घरांत मानतात, आणि त्या मुलांवर तो अन्याय होतो.

तुम्ही टाकलेल्या फोटोत पत्ता आहे, कंपनी, फर्स्ट बटालियन, सिक्स्थ मरीन्स, आणि खाली फ्लीट पोस्ट ऑफिस, सॅन फ्रान्सिस्को. आपल्याकडे ज्यांच्या घरात कोणी फौजेत आहे त्यांना ५६ एपीओ, ९९ एपीओ माहिती असतं, पत्त्यावरून माणूस सियाचीनला आहे की कुठे ते कळत नाही, तसंच हे. सॅन फ्रान्सिस्को म्हणजे पॅसिफिकमध्ये कुठेही. मिस्टरांनी 'सिक्स्थ' वरून नेटवर सहावी मरीन डिव्हिजन शोधली आणि ती ओकिनावाला लढली १९४५ मध्ये, काका तर १९४४ लाच गेला, म्हणून सगळं विसंगत वाटलं. पण मरीन लोकांच्या बोलण्यात 'सिक्स्थ मरीन्स' म्हणजे सहावी रेजिमेंट, आणि ती रेजिमेंट दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होती. सहावी डिव्हिजन उभीच राहिली सप्टेंबर १९४४ मध्ये. ही चूक माझ्याकडे येणाऱ्या दर दोन-तीन कुटुंबांत एकाची झालेली असते.

आता दुसऱ्या डिव्हिजनचा मार्ग तुमच्या पत्रांशेजारी ठेवून बघा. १९४३ मध्ये ही डिव्हिजन न्यूझीलंडला होती, वेलिंग्टनच्या आसपास. तुम्ही लिहिलंय की जुलैच्या पत्रात तो थंडीची तक्रार करतो आणि मटण खाऊन कंटाळलोय म्हणतो. जुलैत थंडी म्हणजे विषुववृत्ताच्या खाली, बरोबर बसतं. त्यांना जहाजांवर चढवलं, सरावाला चाललोय असं सांगून, १ नोव्हेंबरला जहाजं निघाली, आणि २० नोव्हेंबरला पॅसिफिकमधल्या तारावा बेटसमूहातल्या बेटिओ बेटावर हल्ला सुरू झाला. फर्स्ट बटालियन, सिक्स्थ मरीन्स हे लोक दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रबरी होड्यांतून उतरले आणि २२ च्या रात्री जपान्यांचे हल्ले त्यांच्यावर आले. ७६ तासांत सुमारे १,००० अमेरिकन मेले, दोन हजारांवर जखमी, आणि ते बेट न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कपेक्षाही लहान. तुमच्या यादीत ऑक्टोबरच्या शेवटापासून १४ डिसेंबरपर्यंत एकही पत्र नाही. मग १४ डिसेंबरचं पत्र, त्यात तो म्हणतो मी ठणठणीत आहे, बॉण्ड मिळाला का, बडला माझी सायकल वापरू दे.

ती सायकल दुसऱ्यांदा वाचा ताई. १९ वर्षांचा मुलगा आपली सायकल भावाला देऊन टाकतोय.

माझा अंदाज आहे, सिद्ध करता येणार नाही, पण अशी पत्रं खूप वाचल्यावर सांगते की लढाईनंतरच्या पहिल्या पत्रात मुलं वस्तू वाटायला लागतात. पगाराची, अलॉटमेंटची (पगारातून परस्पर घरी जाणारी रक्कम), विम्याची चौकशी वाढते. साध्या प्रायव्हेटला तेव्हा महिन्याला ५० डॉलर, परदेशात त्यावर २० टक्के, त्यातले निम्मे घरी पाठवायची बरीच मुलं, आणि सरकारी विमा १०,००० डॉलरचा काढता यायचा. आईला पैशाचं पत्र वाटतं. तो मात्र आवराआवर करत असतो.

मग जानेवारी १९४४ चं ते पत्र, ज्यात रात्री गारठा, गाई आणि घोड्यावरचे काउबॉय आहेत, आणि मिस्टर म्हणतात पॅसिफिकमध्ये कुठले काउबॉय, हा अमेरिकेतच कुठेतरी असणार. तारावानंतर दुसरी डिव्हिजन हवाईच्या मोठ्या बेटावर नेली, वाइमेआ गावाजवळ, पार्कर रँचच्या जमिनीवर. तो कँप अडीच हजार फुटांहून उंच आहे आणि तिथे खरोखर गाई आणि गुराखी आहेत. मेच्या शेवटी तिथून निघाले ते १५ जूनला सायपानच्या किनाऱ्यावर. म्हणजे 'लढाईचा शब्द नाही' या पत्रांतून अख्खा रस्ता दिसतो, न्यूझीलंड, तारावा, हवाई, सायपान. तो लपवतोय, पण आईशी खोटं एकदाही बोललेला नाही.

आणि लिहिलं असतं तरी पोचलं नसतं. साध्या सैनिकाचं पत्र त्याच्याच युनिटमधला एखादा ज्युनिअर ऑफिसर वाचायचा, बऱ्याचदा तोच लेफ्टनंट ज्याच्या हाताखाली दिवसभर काम. पाकिटावर नौदलाच्या सेन्सॉरचा गोल शिक्का आणि त्या शिक्क्यात आद्याक्षरं दिसतील. जागेचं नाव, जहाज, हवामान, किती माणसं गेली, यातलं काही लिहायची परवानगी नव्हती, नजरचुकीने लिहिलं तर ब्लेडने कापायचे, आणि कागदाच्या मागच्या बाजूचा मजकूरही त्यासोबत जायचा, तो बिचारा कदाचित वहिनीच्या बाळाबद्दल असेल. जुलैतली थंडी कशी सुटली माहीत नाही, तो ऑफिसर दमला असेल. म्हणून त्याचा सूर वाचताना लक्षात ठेवा की या पत्राला दोन वाचक होते. आईसाठी धीर आणि साहेबासाठी सावधपणा, दोन्ही एकाच कागदावर. माझं निरीक्षण असं की सेन्सॉरपेक्षा आईच जास्त मोठी सेन्सॉर होती. सुट्टीवर असताना, जिथे कोणी पत्र वाचणार नव्हतं, तिथूनही ही मुलं आईला तेच लिहायची, जेवण चांगलं आहे, काळजी करू नको. वडिलांना किंवा मोठ्या भावाला लिहिलेली पत्रं सापडली तर त्यात वेगळा माणूस भेटतो. तुमच्या सासूबाईंच्या वडिलांना काकाने वेगळी पत्रं लिहिली होती का, हे जरूर विचारा.

एक अवघड गोष्ट. जपानी लोकांबद्दल काही पत्रांत वाईट शब्द आहेत आणि मुलांना दाखवायची लाज वाटते असं तुम्ही म्हणता. पत्रं उतरवून काढताना ते गाळू नका, मऊही करू नका. जसं लिहिलंय तसं, स्पेलिंगच्या चुकांसकट. बाजूला तुमच्या शब्दांत टीप लिहा की तेव्हा छावण्यांत आणि वर्तमानपत्रांत हीच भाषा चालायची. आज आपण निवडून गाळलं तर उद्याच्या वाचकाला कळणारच नाही की एवढ्या साध्या, सायकलवर जीव असलेल्या पोराच्या तोंडी हे कुठून आलं.

आता रेकॉर्ड मागवा. सेंट लुईसच्या सैनिकी नोंदींच्या केंद्रात १२ जुलै १९७३ ला मोठी आग लागली होती, एक कोटी साठ लाखांहून जास्त फायली गेल्या, म्हणून लोक सांगतात की तिकडे काही मिळणार नाही. ती आग भूदलाच्या आणि हवाईदलाच्या फायलींना लागली. मरीनच्या फायली बचावल्या. आणि सेवा संपून, मृत्यूनेही, ६२ वर्षं झाली की फाइल सगळ्यांना खुली होते, म्हणजे काकाची केव्हाच झालीय, नातं सिद्ध करायची गरज नाही, फक्त कॉपीचे पैसे. मरीनचे हजेरीपट १९५८ पर्यंतचे ऑनलाइन शोधता येतात, त्यातून महिन्या महिन्याला तो कुठल्या कंपनीत होता ते बघून घ्या, माझा वरचा सगळा रस्ता त्यावर तपासा, कारण तो बदली होऊन दुसरीकडे गेला असेल तर मी म्हटलेलं बदलेल. याशिवाय मृत सैनिकाची दफनाची वेगळी फाइल असते, ती नक्की मागा. युद्धानंतर १९४७-४८ च्या सुमारास घरच्यांना विचारलं होतं की देह गावी आणायचा की तिकडेच सैनिकी स्मशानभूमीत ठेवायचा. त्या फाइलमध्ये घरच्यांनी सरकारला लिहिलेली पत्रं पुष्कळदा सापडतात. म्हणजे तुमच्या सासूबाईंच्या त्या आजीचं, बहुतेक पेन्सिलमधलं, अक्षर तिथे असण्याची चांगली शक्यता आहे.

देणगीचं थोडक्यात, कारण ती घाई नाहीये. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा व्हेटरन्स हिस्टरी प्रोजेक्ट २००० पासून चालू आहे, तिथे दहा किंवा जास्त मूळ पत्रं असतील तर घेतात, मरीन कोअरचं स्वतःचं अर्काइव्ह व्हर्जिनियात क्वांटिकोला आहे, कॅलिफोर्नियात चॅपमन युनिव्हर्सिटीत युद्धपत्रांचं केंद्र आहे, आणि आयोवातली काउंटीची हिस्टॉरिकल सोसायटीही विसरू नका, तिथल्या लोकांना ते शेत आणि ते चर्च माहिती असतं. कुठेही द्या पण तुकडे करून देऊ नका. छापायचं म्हणाल तर पत्राचा कागद तुमचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि मग वारसांचा असतो, मृत्यूनंतर ७० वर्षं. काका १९४४ ला गेला, त्याची मुदत २०१४ संपताना संपली. आई १९७१ ला गेली असं तुम्ही लिहिलंय, तिच्या पत्रांवर २०४१ संपेपर्यंत वारसांचा हक्क आहे, म्हणजे सासूबाई आणि तिचे बाकीचे वारस यांची संमती हवी.

आणि ती सहा पाकिटं.

याचं एक बरोबर उत्तर नाही. माझ्याकडे दोन्ही प्रकारची कुटुंबं आली. एकांनी बंदच ठेवली, लायब्ररीला देताना लिहून दिलं की अमुक वर्षापर्यंत उघडायची नाहीत, आणि ते मला पटलं. दुसऱ्यांनी माझ्या टेबलावर उघडली. आत कोंबड्या किती अंडी देतात, पाऊस कसा, धाकट्याचा दात पडला, असलंच सगळं होतं. ती आईसुद्धा मुलापासून काहीतरी लपवत होती, वर्षभर तिला नीट झोप नव्हती हे तिच्या मुलीने आम्हाला सांगितलं, पत्रात त्याचा मागमूस नाही. दोघं एकमेकांना सांभाळत होते. मुलाची बाजू त्या दिवशी मला पहिल्यांदा पूर्ण कळली.

आईने उघडली नाहीत म्हणजे कोणी उघडू नये असं तिचं म्हणणं होतं, असं मला वाटत नाही. आत काय आहे हे तिला पाठ होतं, तिने कशाला उघडावीत. पण तिने ती जाळलीही नाहीत. शेतावरच्या स्वयंपाकघरात चूल होती, २७ वर्षं होती, आणि जे कुणी वाचू नये असं वाटतं ते बायका चुलीत घालतात हे आपण आपल्याकडेही बघितलंय. तिने ती मुलाच्या पत्रांसोबत एकाच खोक्यात ठेवली. त्यामुळे माझा कल उघडण्याकडे आहे. तरी निर्णय माझा नाही, तुमचा नाही, मिस्टरांचाही नाही. सासूबाई आहेत, त्या आजीच्या हाताखाली वाढल्यात, त्या नको म्हणाल्या तर त्या असेपर्यंत नको, आणि त्याचं कारण विचारू नका.

उघडायची ठरली तर वाफ अजिबात देऊ नका, शाई पसरते आणि कागद आक्रसतो. आधी सगळ्या बाजूंचे फोटो. मग पातळ पट्टीने, शिक्का आणि सही जिथे नाही अशा कडेने, बंद झाकणाला हात न लावता चीर द्यायची. पत्र बाहेर काढताना प्रत्येक घडीचा फोटो, आत वाळलेलं फूल, केस, नोट असेल तर ती कुठल्या घडीत होती ते लिहून ठेवा. हात थरथरत असतील तर जवळच्या लायब्ररीतल्या कॉन्झर्व्हेटरकडे, म्हणजे जुने कागद जपणाऱ्या तज्ज्ञाकडे, न्या, बहुतेक जण आनंदाने मदत करतात. न उघडता वाचण्याची तंत्रं आहेत, १६९७ सालचं एक बंद पत्र २०२१ मध्ये एक्स-रेने वाचलं, पण त्या जुन्या शाईत धातू होता म्हणून ते दिसलं, पेन्सिलचं लिखाण त्यात दिसत नाही, तेव्हा त्या आशेवर थांबू नका.

रविवारी सासूबाईंकडे जाताना अख्खा खोका नेऊ नका, दमतील. फक्त ते गाईंचं आणि काउबॉयचं पत्र न्या, त्याचा मोठा प्रिंट काढून, आणि तुम्हीच मोठ्याने वाचून दाखवा, मिस्टरांना फोन धरू दे. वाचून झाल्यावर काही विचारू नका, गप्प बसा, त्या बोलतील. तार आली त्या दिवसाचं काही आठवतंय का हे त्यांनी आपणहून काढलं तर काढू दे. तेव्हाच्या तारांखाली मरीन कोअरचा प्रमुख, कमांडंट व्हँडेग्रिफ्टचं नाव असायचं आणि मुलाच्या ठाण्याचं नाव कुणाला सांगू नका अशी विनंतीही, तेव्हा ती तार घरात दुसरीकडे कुठे, बायबलमध्ये वगैरे, असू शकते. पाकिटांचा विषय मात्र त्या दिवशी काढू नका. तो दुसऱ्या भेटीला.